‘खिशातला चाकू बोथटच बरा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

घडीचा मोठा चाकू रोज जवळ बाळगणाऱ्यांना सध्या एक सल्ला वारंवार दिला जातो. पाते मुद्दाम बोथट ठेवावे, कारण बोथट पात्याने गंभीर जखम होत नाही. पात्याला खटका असल्यामुळे ते बोटांवर मिटण्याची भीती नाही. दगडावर वारंवार घासल्याने पाते झिजून जाते, तेव्हा वर्षातून एकदा विजेच्या चाकावर धार लावून घेणे पुरेसे आहे. आणि धार नसलेला चाकू कायद्याने हत्यार ठरत नाही, असे त्याचे चार मुद्दे आहेत. सल्ला देणाऱ्यांना इतरांची काळजी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु सुमारे 10 सेंटिमीटर पात्याचा चाकू मी अनेक वर्षे रोज वापरत आलो आहे, आणि या चारही मुद्द्यांमुळे काळजी घेणाऱ्याचाच हात कापला जाण्याची शक्यता वाढते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याचा मुद्दा आधी निकालात काढतो. चाकूविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे असले, तरी त्यांत सहसा पात्याची लांबी, ते उघडण्याची पद्धत, खटका, जागा आणि बाळगण्याचे कारण यांचा विचार होतो. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी कारणाविना बाळगण्याची जी सूट दिली आहे, ती 3 इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला आहे, आणि उघडल्यावर पाते खटक्याने पक्के होणारा चाकू तेथील न्यायालयांनी त्या सुटीत धरलेला नाही. असा चाकू बोथट केल्याने सुटीत येत नाही. मोठा चाकू बाळगणाऱ्याने आपल्या ठिकाणचा नियम वाचलाच पाहिजे. बोथटपणाच्या भरवशावर राहू नये.

आता मूळ मुद्दा. धारदार पात्याला नुसता स्पर्श झाला तरी कातडी कापली जाते, हे खरे आहे, आणि बोथटपणाचा आग्रह धरणारे एवढ्याच सत्यावर थांबतात. चाकू हातात असताना इजा बहुधा केव्हा होते, याचा विचार मात्र ते करत नाहीत. जाड पुठ्ठा किंवा दोर कापताना पाते अडले की आपण जोर वाढवतो, मनगट ताठ होते, आणि अडथळा एकाएकी सुटला की त्या साऱ्या जोरानिशी पाते पुढे निसटते. त्या क्षणी पाते कोठे जाईल, हे हाताच्या ताब्यात उरत नाही. मांडीपर्यंत किंवा दुसऱ्या हातापर्यंत तेवढ्या वेगाने पोहोचलेले पाते बोथट असले तरी खोल जखम करते, आणि ती जखम पुष्कळदा फाटल्यासारखी, वेड्यावाकड्या कडांची असते. उलट, चांगली धार असलेले पाते थोड्या ओढीने कापते, म्हणून ते हवे तेथे थांबवता येते. पाते लांब असेल तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते, कारण निसटलेले टोक तेवढेच दूर पोहोचते.

खटक्याचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. कापताना धारेवर येणारा दाब पात्याला उघडण्याच्या दिशेने रेटतो आणि तो दाब मुठीतील अडणीवर, म्हणजे पूर्ण उघडलेले पाते जेथे टेकते त्या भागावर, जातो. खटक्यावर त्या वेळी फारसा भार येत नाही. भार येतो तो पाते एखाद्या वस्तूत रुतले आणि ते हिसके देऊन, वरखाली हलवून ओढून काढावे लागले, म्हणजे. तेव्हा पात्याच्या पाठीवर दाब येतो आणि पाते बोटांच्या दिशेने मिटू पाहते. मुठीतील पातळ पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकून बसते तो खटका असो, किंवा ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूंवर 1955 पासून आलेली फिरती कडी असो, हे सारे खटके पाते आपोआप मिटू नये यासाठी आहेत. पिळवटणे आणि हिसके सोसण्यासाठी नव्हेत. त्या पट्टीखाली कचरा साचला किंवा ती झिजली, तर खटका निसटू शकतो. बोथट पाते अधिक वेळा रुतते, म्हणजेच सल्ल्याचा पहिला भाग पाळणारा माणूस दुसऱ्या भागातील भरवशाची रोज परीक्षा घेत असतो.

झिजेच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते हिशेबाने पाहावे. दोन्ही बाजूंनी 20 अंशांचा कोन असलेली धार बोथट होऊन तिची कड 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद झाली, तर ती पुन्हा टोकदार करण्यासाठी पात्याच्या उंचीतून सुमारे 14 मायक्रॉन धातू काढावा लागतो. असे रोज केले तर वर्षाला 5 मिलिमीटर पाते जाईल, म्हणून रोज दगडावर बसण्याचा हट्ट मलाही मान्य नाही. महिन्यातून दोनदा केले तर वर्षाकाठी साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जातो. मधल्या दिवसांत चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, हलक्या हाताने पाते ओढले की बहुतेक काम भागते आणि धातू नगण्य जातो. आता बोथट पाते पिळताना धारेचा अर्ध्या मिलिमीटरचा कपचा उडाला, तर तो घालवण्यासाठी संपूर्ण धार तेवढीच खाली आणावी लागते. दीड वर्षाची झीज एका बैठकीत होते.

वर्षातून एकदा विजेच्या चाकावर जाणे तर याहून वाईट. चाकूचे पोलाद कडक केल्यानंतर पुन्हा तापवून चिवट केलेले असते, आणि अनेक पोलादांसाठी हे तापमान 150 ते 250 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कोरड्या, वेगवान चाकावर धारेची पातळ कड क्षणार्धात त्याहून तापू शकते. मग तेवढा भाग मऊ पडतो, आणि कितीही चांगली धार लावली तरी ती लवकर बोथट होते. निळसर डाग दिसला तर नुकसान झाले, हे कळते तरी. पण डाग न दिसणे म्हणजे कड वाचली, असे नाही.

दगडावरचे काम हाताने शिकणे फार अवघड नाही. धारेच्या उतारावर काळ्या मार्करची शाई लावून पाते दगडावर दोनदा ओढले की शाई कोठे पुसली गेली यावरून कोन बरोबर आहे की नाही, ते दिसते. 1000 क्रमांकाच्या, म्हणजे मध्यम दाण्याच्या, दगडावर एका बाजूने घासत राहावे. पलीकडच्या कडेवर धातूची बारीक, खरखरीत कोर संपूर्ण लांबीभर उभी राहिली, की बाजू बदलावी. ही कोर पाहण्यासाठी अंगठा पाठीकडून धारेबाहेर न्यावा, धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये. शेवटी दाब कमी करत दोन्ही बाजू आळीपाळीने घासून कोर उतरवावी, आणि सांध्यात शिरलेली दगडाची माती पुसून टाकल्याखेरीज चाकू मिटू नये.