पत्रात चूक असेल तर ते जपून ठेवा

तुम्ही फरार आहात का? लाजू नका, हा लेख तुमच्यासाठीच आहे. समजा, ऐन तारुण्यात तुमच्या हातून कुठेतरी स्फोट झाला (पोलिसांना तसा संशय आहे, तुमचं म्हणणं अर्थातच वेगळं आहे), तुम्ही रातोरात सीमा ओलांडलीत आणि मावशीच्या गावी जाऊन राहिलात. वर्षं गेली. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. आणि एके दिवशी बातमी आली की तिकडे तह झाला, कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेली मंडळी एका टेबलाशी बसली. आता तुमच्या मनात एकच प्रश्न: मी घरी जाऊ का?

आधी चूक कबूल करा. तुम्ही पळायलाच नको होतं. उत्तर आयर्लंडकडे बघा. १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टमध्ये करार झाला, ज्याला सगळे गुड फ्रायडे करार म्हणतात. त्याआधीच्या तीस वर्षांत, ब्रिटनमध्येच राहायचं की आयर्लंडला मिळायचं या भांडणात, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली होती. करारात तुरुंगातल्यांची सोय चोख लावली गेली: ज्या संघटनांनी शस्त्रसंधी पाळली, त्यांचे कैदी दोन वर्षांत बाहेर. चारशेहून जास्त जण सुटले, त्यात जन्मठेपवालेही होते. करारापूर्वीच्या गुन्ह्यात कोणी नंतर दोषी ठरलाच, तर त्याने फार तर दोन वर्षं आत काढायची. म्हणजे जे निमूटपणे पकडले गेले, ते मुलांच्या लग्नाला हजर. आणि तुम्ही हुशारी करून सीमेपलीकडे, आयर्लंडमधल्या डोनेगलच्या पावसात बसलेले. तुमच्याबद्दल करारात अवाक्षर नाही. सापडला तो घरी, निसटला तो परदेशी. ब्रिटिश कचेऱ्यांनी तुम्हाला नाव मात्र दिलं, ‘ऑन द रन्स’ म्हणजे फरार मंडळी, आणि लगेच त्याचं ओटीआर केलं. तीन अक्षरं मिळाली की फाइल उघडते.

आता दुसरी सूचना. कायद्याची वाट बघत बसू नका. कायदा म्हटला की तो संसदेत येतो, लोकांना दिसतो आणि लोक प्रश्न विचारतात. नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रिटिश सरकारने हा वेडेपणा करून पाहिला. विधेयक आलं: विशेष न्यायाधिकरण बसेल, खटला चालेल, आरोपीने हजर राहायची गरज नाही, दोषी ठरला तरी तुरुंगात जायची गरज नाही. वधूवरांशिवाय लग्न आणि पंगत मात्र जोरात! उत्तर आयर्लंडमधले बाकी सगळे पक्ष विरोधात गेले. ज्यांच्यासाठी हा घाट घातला होता त्या शिन फेननेही (आयआरए या ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या बाजूचा पक्ष) हात काढून घेतला, कारण तीच सवलत सैनिकांना आणि पोलिसांनाही मिळणार होती. आपल्याला माफी हवी, शेजाऱ्याला नको. (हे वाचून तुम्हाला आपल्याकडचं काही आठवलं तर तो योगायोग समजावा.) जानेवारी २००६ मध्ये उत्तर आयर्लंडचं खातं सांभाळणारे ब्रिटिश मंत्री पीटर हेन यांनी विधेयक मागे घेतलं. पुढे २०२३ मध्ये दुसऱ्या सरकारने पुन्हा उजेडात सशर्त माफीचा कायदा केला, तर बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने वर्ष उलटायच्या आत सांगितलं की ही माफी मानवी हक्कांत बसत नाही.

म्हणून पत्र मागा. पत्र हा फार सोयीचा प्रकार आहे. त्यावर संसदेत मतदान होत नाही आणि त्याला राजपत्र लागत नाही. आपल्याकडेही ही परंपरा जुनी. मराठेशाहीत गाव सोडून पळालेल्या रयतेला परत आणायला कौल देत, घाबरलेल्याला अभयपत्र देत. फरक इतकाच की तो कौल चारचौघांत दिला जाई, गावाला ठाऊक असे. लंडनचा कौल घेणाऱ्याच्या खिशात गेला आणि गावाला पत्ताच नाही.

रीत साधी होती. २००० साली पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी शिन फेनला आश्वासन दिलं की नावं द्या, तपासून घेतो. मग पक्षाने याद्या द्यायच्या, पोलिसांनी जुनी दप्तरं चाळायची, सरकारी वकिलांनी मान डोलवायची, आणि उत्तर आयर्लंडचं खातं पत्र टाइप करणार. ते पत्र पोस्टमन नाही, पक्षाची माणसं नेऊन देणार. एकूण २२८ नावं गेली आणि १८७ जणांना पत्रं मिळाली. तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चपला झिजवलेल्या माणसाला हे प्रमाण ऐकून हेवा वाटेल. २००७ पासून पोलिसांनी या तपासणीला नावही दिलं होतं, ऑपरेशन रॅपिड. सरकारी कामाला ‘जलद’ असं नाव दिलं की पुढे काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो, कारण सगळी मजा तिथेच आहे.

पत्र हातात आलं की आनंदाने उड्या मारू नका, आधी वाचा. आपल्या कार्यालयीन मराठीत ते साधारण असं दिसेल: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सद्यःस्थितीत आपल्याविरुद्ध वॉरंट अस्तित्वात नाही, अटक, चौकशी अथवा दोषारोपासाठी आपण उत्तर आयर्लंडमध्ये हवे नाही आहात, तसेच देशातील अन्य कोणत्याही पोलिस दलास आपल्यात स्वारस्य असल्याचे येथील पोलिसांस ज्ञात नाही.’ दिसायला अभय, पण माफीचा शब्द कुठे आहे का, शोधा. सापडणार नाही. आज हवे नाही, एवढंच. उद्या पुरावा आला तर उद्याचं उद्या. म्हणजे तुमच्या हातात आहे ते हवामान खात्याचं पत्रक: आकाश निरभ्र, छत्री स्वतःच्या जबाबदारीवर सोडावी.

म्हणून तिसरी सूचना, आणि हीच खरी कामाची. पत्र बरोबर असेल तर त्याचा उपयोग नाही. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला ‘तुमच्यामागे कोणी नाही’ असं कळवून त्याचं काय भलं होणार? पत्र चुकीचं असलं पाहिजे.

२० जुलै १९८२ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये राजाश्वदलाची तुकडी पहारा बदलायला निघाली होती. वाटेवर उभ्या केलेल्या गाडीत आयआरएचा बॉम्ब फुटला. चार सैनिक गेले, सात घोडे मेले. त्याच दिवशी रीजंट्स पार्कमध्ये बँडच्या मंचाखाली दुसरा स्फोट झाला, तिथे वाजवणारे सात सैनिक मेले. सेफ्टन नावाचा एक घोडा चौतीस जखमा घेऊन जगला आणि देशाचा लाडका झाला. आजही लोकांना त्या दिवसातलं एकच नाव येतं, ते घोड्याचं. यात घोड्याचा काही दोष नाही.

डोनेगलचे जॉन डाउनी या प्रकरणात लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांना हवे होते. आपला संबंध नाही, हे त्यांचं म्हणणं कायम. त्यांनाही पत्र मिळालं: कोणाला तुमच्यात स्वारस्य असल्याचं ज्ञात नाही. वास्तविक ज्ञात होतं. बेलफास्टच्या पोलिसांना माहीत होतं, फक्त ते पत्रात उतरलं नाही. चूक झाल्याचं पुढे लवकरच त्यांच्या लक्षातही आलं, पण दुरुस्तीचं पत्र काही निघालं नाही. पत्रावरची तारीख बघा: २० जुलै २००७. स्फोटाला त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षं झाली. कोणी मुद्दाम केलेलं नाही. मुद्दाम करायला आधी कॅलेंडर बघावं लागतं.

मे २०१३ मध्ये डाउनी गॅटविक विमानतळावर पकडले गेले. त्यांनी पत्र काढून दाखवलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ओल्ड बेलीच्या, म्हणजे लंडनच्या फौजदारी न्यायालयाच्या, न्यायाधीशांनी खटला थांबवला: सरकारने लेखी सांगितलं, माणसाने विश्वास ठेवला, आता त्याच माणसावर खटला चालवणं म्हणजे न्यायप्रक्रियेचा गैरवापर. कायद्याने पाहिलं तर निकाल चूक म्हणता येत नाही, आणि हेच जास्त झोंबतं. १८७ पत्रं वाटली, आणि त्यातल्या ज्या एकाने प्रत्यक्ष खटला थोपवला ते सरकारच्या गाफीलपणाने झालेलं. खरी पत्रं नुसती माहिती. खोटं ठरलेलं पत्र मात्र अभय.

मग गदारोळ झाला. प्रांताचे ‘फर्स्ट मिनिस्टर’ (आपल्या भाषेत मुख्यमंत्री) पीटर रॉबिन्सन म्हणाले, मला हे ठाऊकच नव्हतं, मी राजीनामा देतो. दिला नाही. चौकशी बसली. न्यायमूर्ती हॅलेट यांनी जुलै २०१४ मध्ये अहवाल दिला: योजना बेकायदा नव्हती, ती माफीही नव्हती, एकूण कारभार मात्र कोणा एकाच्या हातात नव्हता, आणि डाउनींच्या पत्रातली चूक भयंकर होती. थोडक्यात, सगळं नियमानुसार आणि कोणीच जबाबदार नाही. सप्टेंबरात उत्तर आयर्लंडच्या तेव्हाच्या ब्रिटिश मंत्री थेरेसा विलियर्स यांनी जाहीर केलं की या पत्रांवर आता कोणी विसंबू नये. म्हणजे ज्यांची पत्रं बरोबर होती, त्यांची रद्दी झाली. ब्लेअर पुढे संसदेच्या समितीला म्हणाले की हे केलं नसतं तर शांतता प्रक्रियाच कोसळली असती. कदाचित खरं असेल. बंदुका गप्प झाल्या, ही लहान गोष्ट नाही, आणि डोनेगलचे म्हातारे घरी गेल्याने कोणाचं आभाळ कोसळलं असतं असं मलाही वाटत नाही. पण मग हे भर सभेत का सांगता आलं नाही?

एक खबरदारी. चुकीचं पत्रही सगळीकडे चालत नाही. २०१९ मध्ये डाउनींना १९७२ च्या दुसऱ्याच प्रकरणासाठी आयर्लंडमधून प्रत्यार्पित केलं गेलं. म्हणून लॅमिनेशन करून घ्या, पण भिंतीवर लावू नका.

आता तुम्ही फरार नसून मेलेल्यांपैकी कोणाचे नातेवाईक असाल, तर माफ करा, तुम्ही चुकीच्या खिडकीवर आलात. तुमच्यासाठी यादी नव्हती, आणि पत्र पोचवणारी पक्षाची माणसंही नव्हती. हाइड पार्कच्या कुटुंबीयांनी शेवटी स्वतःच दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निष्कर्ष काढला की स्फोटात डाउनींचा सक्रिय सहभाग होता. शिक्षा नाही, कारण दिवाणी न्यायालय शिक्षा देत नाही. स्फोटाला तोवर सदतीस वर्षं झाली होती.

तरी फारच वाईट वाटत असेल तर तुम्हीही एक अर्ज करून बघा. दोन-चार आठवड्यांत उत्तर येईल. छापील नमुना तयारच आहे, फक्त नाव बदलायचं: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण कोणासही हवे असल्याचे या कार्यालयास ज्ञात नाही.’