फटाफट रोम

एका दिवसात रोम उरकायला निघालेल्यांचा एक गोड गैरसमज असतो की वेळ बघण्यात जातो. बघण्यात कसला जातोय! पँथिऑन, म्हणजे घुमटाचं प्राचीन देऊळ, पंधरा मिनिटांत होतं, त्रेवीचं कारंजं फोटोंसकट वीस मिनिटांत. दिवस जातो तो रांगेत, जिन्यांवर, बाथरूम शोधण्यात आणि 'अहो, काकू कुठे राहिल्या?' यात. म्हणून माझं स्पष्ट मत असं की रोमचा इतिहास नंतर वाचला तरी चालेल, आधी बूट बघा.

जुन्या शहरातले रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत. ठोकळा वरून जरासा फुगीर आणि दोन ठोकळ्यांमध्ये फट. सहलीसाठी खास घेतलेले कोरे बूट इथे दुपारपर्यंत टाच सोलून काढतात. ते आधी पंधरा दिवस भाजी आणायला घालून जावेत. 'टूरची बस आहे की' या भरवशावर राहू नये, कारण मोठ्या बसना जुन्या शहराच्या गाभ्यात येऊ देत नाहीत. शिवाय ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं, हा कायदा आहे आणि त्याची नोंद गाडीतलं यंत्रच ठेवतं. 'दादा, जरा पुढे सोडा ना' या वाक्याला तिथे किंमत शून्य.

सकाळ व्हॅटिकनला द्यावी. म्युझियमचं वेळेचं तिकीट आधी काढलेलं नसेल, तर भिंतीलगतची रांग हेच तुमचं म्युझियम. महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी ते बंद असतं. त्या एका रविवारी फुकट असतं आणि म्हणूनच जाऊ नये. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, तेव्हा सेंट पीटर्स या तिथल्या मोठ्या चर्चमध्ये शिरणं अवघड. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हौसेने हाफ पँट घालून आलेल्या काकांना मग कुणाची तरी ओढणी लुंगीसारखी नेसावी लागते. ओढणी फुलाफुलांची असली तरी सुरक्षारक्षकाची हरकत नसते. हरकत काकांची असते.

म्युझियममध्ये सिस्टिन चॅपल, म्हणजे पोपचं प्रार्थनाघर, अगदी शेवटी येतं. तोवर दालनांमागून दालनं, आणि गर्दीच तुम्हाला पुढे ढकलत नेते. मायकेलअँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं रंगवलं. आपल्या वाट्याला येतात दहा मिनिटं, तीही मान मागे टाकून. फोटोला मनाई आहे, बोलायलाही. रक्षक दर दोन मिनिटांनी 'सिलेन्झिओ!' असं ओरडतो, आणि त्या दालनात सर्वांत मोठा आवाज त्याचाच असतो.

इथे एक खाचखळगा. चॅपलच्या उजव्या कोपऱ्यातून थेट सेंट पीटर्सकडे जाणारं दार आहे. ते गाईडसोबतच्या ग्रुपसाठी असतं, कधी उघडं, कधी बंद. उघडं मिळालं तर बाहेरची तपासणीची रांग वाचते. पण मोठी सॅक म्युझियमच्या सामानघरात ठेवली असेल, तर ती तिथेच राहते, आणि ती आणायला पुन्हा भिंतीला अख्खा वळसा. म्हणून सकाळी छोटीच पिशवी घ्यावी. ठेपले त्यात मावतात.

तहान लागली की बाटली विकत घेण्याआधी रस्त्याच्या कडेला बघावं. कमरेएवढा लोखंडी खांब आणि त्याला वाकडी नळी, तिला रोमकर 'नाझोने' म्हणजे मोठं नाक म्हणतात. पाणी अखंड वाहत असतं, थंड आणि पिण्याजोगं. नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार वर उडते, ती तोंडात घ्यायची. पहिल्या खेपेला ती चष्म्यावर येते. बाथरूमचा उपाय म्हणजे कॉफी. अनेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर द्यायची. उभ्यानेच प्यायची, कारण खुर्चीवर बसलात की तीच घोटभर कॉफी कितीतरी महाग होते. आपण कॉफीचे पैसे देतोय की दाराच्या कडीचे, हा विचार करू नये.

दुपारी पँथिऑन. घुमट ४३.३ मीटर रुंद, माथ्यावर उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. पुढे त्रेवी. कारंज्याजवळ एका वेळी ४०० जणांनाच सोडतात. पाठ करून, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो म्हणे. ही नाणी गोळा होऊन गरिबांसाठीच्या मदतकार्याला जातात, तेव्हा रुपया टाकून काम भागवू नये.

मग स्पॅनिश स्टेप्स. दिवसभरात पहिल्यांदा टेकायला एवढ्या शंभराच्या वर रुंद पायऱ्या दिसतात आणि त्यांच्यावरच बसायला २०१९ पासून बंदी आहे! दंड युरोत, काही शेकड्यांच्या घरात. शिट्टी वाजली की अख्खी रांग गुडघे धरून उठते.

कोलोसियमला मेट्रोने जावं: या पायऱ्यांजवळच्या स्पान्या स्टेशनवरून ए लाइन, तेर्मिनीला बदलून बी, पुढे दुसरं स्टेशन. गेटवर बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण माणशी एक कार्ड. घरच्या चौघांना एका कार्डात नेता येत नाही. पाकीट पुढच्या खिशात, हात त्यावर. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं आणि नाव पासपोर्टवरचंच लागतं. घरात सगळे 'बंडू' म्हणतात म्हणून तिकीटही बंडूच्याच नावाने काढणारे भेटतात. दारावरच्या माणसाला ते पटत नाही. आतले जिने दगडी आणि चांगलेच चढे. त्याच तिकिटात शेजारचं रोमन फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि पॅलेटाइन टेकडीही येते. तिकीट चोवीस तास चालतं, पण टूर मॅनेजरने मेट्रोतच सांगून ठेवलेलं असतं: उद्या सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस फ्लोरेन्सला निघणार, आणि बॅगा त्याआधी दाराबाहेर.