एसजीपीटी वाढलं म्हणून गुळवेलीचा काढा?

"एसजीपीटी वाढलंय म्हणजे लिव्हर सडायला लागलं. एकवीस दिवस उपाशीपोटी गुळवेलीचा काढा घ्या, बाकीच्या गोळ्या बंद करा. आकडा नॉर्मल आला की लिव्हर साफ." हा मेसेज या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला. एकावर तो माझ्या सख्ख्या मावशीने टाकला होता, म्हणून लिहायला बसले.

आधी ते 'सडणं'. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात जास्त उतरतं. इजा कशाने झाली, हे आकडा सांगत नाही. मावशीच्या रिपोर्टवर ७८ च्या पुढे ठळक 'एच' (हाय, म्हणजे जास्त) छापलेला. सोनोग्राफीत निघालं फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साचलेली चरबी, तेही दारूला कधी हात न लावलेल्या बाईला. वाढलेलं वजन आणि डायबेटिस ही त्याची नेहमीची कारणं. हिपॅटायटिस बी, सी किंवा एखादं औषधही कारण असू शकतं. आदल्या दिवशी जिममध्ये अंग मोडेपर्यंत व्यायाम केला, तरी एसजीओटी (स्नायूंतही असणारं तसंच दुसरं एन्झाइम) आणि एसजीपीटी दोन्ही चढू शकतात.

'काढा नैसर्गिक, त्याने काय होणार?' हे मला सगळ्यात जास्त खटकतं. कोविडच्या २०२० सालात आमच्या कॉलनीच्या कुंपणावरची गुळवेल लोकांनी बोटबोटभर कांडी तोडून पार बोडकी केली होती. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. सगळे गुळवेल घेणारे. ही नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून असे ४३ रुग्ण नोंदले गेले. मंत्रालयाचं म्हणणं खरं धरलं, तरी कुंपणावरची वेल नेमकी कुठली, हे मावशीने कसं ओळखायचं?

'गोळ्या बंद करा' तर जिवावर बेतणारं आहे. टीबीची औषधं यकृताला त्रास देऊ शकतात, हे खरं. पण ती थांबवायची की बदलायची, हे डॉक्टर आकडा आणि लक्षणं दोन्ही बघून ठरवतात. उलट्या किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. परस्पर सोडून दिलेला टीबी औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

आणि नॉर्मल आकडा म्हणजे साफ लिव्हर, असंही नाही. सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) झालेल्यांचं एसजीपीटीही कधीकधी नॉर्मल येतं. म्हणून रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य), अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), प्लेटलेट बघतात, गरज पडली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी.

फॅटी लिव्हरमध्ये वजन सात ते दहा टक्के उतरलं तर यकृताची सूजही कमी होऊ शकते. मावशीचं वजन ७४ किलो, म्हणजे पाच-सात किलो. ती आता रोज संध्याकाळी चालते.

डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, काय काय घेता? तिने बीपीची गोळी सांगितली. काढा सांगितलाच नाही, तिच्या लेखी ते औषध नव्हतं. पुढच्या खेपेला मी सोबत जाणार आहे.