ठाण्याच्या गच्चीवरूनही दिसतो

अचानक उजळणाऱ्या ताऱ्यांवरचा लेख आवडला, पण ‘असे तारे बघायला शहर सोडावंच लागतं’ हे पटलं नाही. घोडबंदर रोडला आमच्या गच्चीवरून ६ इंची दुर्बिणीने मी हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी बघतो. १८९६ साली सापडलेला हा तारा एरवी १२व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), म्हणजे इथल्या उजेडात गायबच. नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्याच रिकाम्या जागी ८व्या प्रतीचा ठिपका! जवळपास ४० पट तेज. तारा फुटत वगैरे नाही हं. श्वेत बटूभोवतीच्या (म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या छोट्या, घट्ट गाभ्याभोवतीच्या) तबकडीत साठलेला वायू तापून आत कोसळतो, साधारण ७-८ आठवड्यांनी पुन्हा तेच. पावसाळ्यातले भडके मात्र ढगांमागे जातात. शेजारचे काका विचारतात, “रोज तिथेच काय बघतोस रे?”