सूची आधी की छेद आधी? एका आक्षेपाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

चिन्हांची सूची पाठ करण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल तसा तिच्या चढउताराचा आकार, स्वतः काढावा, असे मी नकाशावाचनावरील माझ्या लेखात म्हटले होते. त्यावर आपण घेतलेला आक्षेप मी काळजीपूर्वक वाचला. आपले म्हणणे असे की, माध्यमिक वर्गांत आधी चिन्हे, खुणा आणि व्याख्या पक्क्या करून घ्याव्यात. समोच्च रेषांवरून (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून) हाताने छेद काढत बसण्यात दोन-तीन तासिका जातात आणि परीक्षेत त्यांचे चीज होत नाही.

यातील एक भाग मला मान्य आहे. ‘सूची पाठ करण्याची गरज नाही’ हे माझे विधान सैल होते. दिशा, प्रमाण आणि नेहमीची चिन्हे ठाऊक नसतील, तर विद्यार्थी नकाशासमोर नुसता बसून राहतो आणि कंटाळतो. तेवढी दुरुस्ती मी मूळ लेखात करीत आहे.

परंतु व्याख्या येणे आणि नकाशा वाचता येणे यांतील अंतर मी वर्गात वारंवार पाहिले आहे. ‘समोच्च रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र’ हे वाक्य न अडखळता म्हणणारी मुलगी, इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळलेल्या रेषा समोर आल्या की ती दरी आहे की डोंगराची सोंड, हे सांगू शकत नाही. रेषांचे टोक अधिक उंचीकडे वळलेले असेल तर दरी आणि कमी उंचीकडे असेल तर सोंड, हा नियमही पाठ करून घेता येईल. पण परीक्षेच्या घाईत तो उलटा आठवण्याची शक्यता तितकीच राहते. कागदाची पट्टी नकाशावर ठेवून, प्रत्येक रेषा जिथे छेदते तिथे खूण करून, त्या उंची आलेख कागदावर ज्याने एकदा स्वतः मांडल्या, त्याला नियम आठवावा लागत नाही, कारण मधला खड्डा त्याच्या डोळ्यांसमोर तयार झालेला असतो.

प्रमाणाचा अर्थही तिथेच उलगडतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. लगतच्या समोच्च रेषांतील उंचीचे अंतर २० मीटर असेल आणि त्या १ सेंमीत अशी पाच अंतरे मावत असतील, तर चढ १०० मीटरचा, म्हणजेच उतार पाचास एक. आता छेद काढताना उभे प्रमाण १ सेंमीला १०० मीटर घेतले, तर डोंगर प्रत्यक्षापेक्षा पाचपट उभा दिसतो. हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लक्षात आले, की चित्र आणि वास्तव यांत प्रमाण निवडणाऱ्याचा हात असतो, ही जाण त्याला येते. आणि ती जाण मला सर्व चिन्हांच्या यादीपेक्षा मोलाची वाटते. मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ सालच्या प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीवर) ग्रीनलंड आफ्रिकेएवढे का दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदापट मोठी असूनही, हा प्रश्न असा विद्यार्थी आपणहून विचारतो.

आलेखांबाबतही माझे मत हेच आहे. तापमानाची रेषा आणि पर्जन्याचे स्तंभ एकाच चौकटीत असले, की विद्यार्थी बहुधा रेषेचे मूल्य पर्जन्याच्या अक्षावर वाचतात. ही चूक दोन्ही अक्षांची नावे मोठ्याने वाचून घेतल्याने बरीच कमी होते. त्यापुढे मी ठिकाणाचे नाव झाकून ठेवतो. समशीतोष्ण प्रदेशातील आलेखात तापमानाची रेषा जून-जुलैत खाली जात असेल, तर ठिकाण दक्षिण गोलार्धातले, हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढला पाहिजे. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे प्रदेशांना आकडेवारीनुसार गडद-फिके रंग दिलेल्या नकाशात, एकूण लोकसंख्या रंगवली आहे की घनता, हे विचारण्याची सवयही अशीच लागते.

परीक्षेविषयी एवढेच म्हणेन, की अनोळखी नकाशावरील प्रश्नाला पाठांतर पुरत नाही. तासिकांची अडचण मात्र खरी आहे. तेव्हा सलग मोठ्या छेदाऐवजी एकाच टेकडीचा, चार-पाच समोच्च रेषांचा छेद घ्यावा. तो अर्ध्या तासात होतो. मात्र तो शिक्षकाने फळ्यावर काढून दाखवू नये, प्रत्येकाने आपल्या वहीत काढावा.