जपानचं नाव पुढे करून बाबांची किल्ली काढून घेऊ नका

नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या सभेत नुकताच एक ठराव मांडला गेला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सभासदांनी आवारात गाडी चालवू नये. निमित्त झालं बी विंगमधल्या एका आजोबांचं. पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना त्यांचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला आणि शेजारच्याच्या नव्या गाडीचं दार आत गेलं. कोणाला लागलं नाही. चर्चा तापली, तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, "जपानमध्ये पंच्याहत्तरीनंतर लायसन्सच रद्द होतं. ते लोक काय वेडे आहेत?" सगळ्यांनी माना डोलावल्या. दादाने हे मला फोनवर सांगितलं आणि वर विचारलं, "तुझ्याकडे असंच आहे ना गं?"

नाही, असं अजिबात नाही. मी जपानमध्ये आइची प्रांतात राहते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या बोलण्यातला आहे. जपानमध्ये केवळ वाढदिवस झाला म्हणून कोणाचंही लायसन्स जात नाही. सत्तरीनंतर नूतनीकरणाच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वर्गाला बसावं लागतं. तिथे नजर तपासतात आणि शिक्षक शेजारी बसून गाडी चालवायला लावतात. पंच्याहत्तरीनंतर स्मरणशक्तीची चाचणी असते. 16 चित्रं दाखवतात, मध्ये भलतंच काम करायला देतात आणि मग कोणकोणती चित्रं होती ते लिहायला सांगतात. आज तारीख काय, वार कोणता, आत्ता किती वाजले असतील, हेही विचारतात. मागच्या 3 वर्षांत सिग्नल तोडण्यासारखा ठरावीक गुन्हा नावावर असेल, तर 2022 पासून गाडी चालवण्याची परीक्षाही पास व्हावी लागते. स्मृतिभ्रंशाचा संशय आला तर डॉक्टरकडे पाठवतात, आणि त्यांनी निदान केलं तर लायसन्स जातं. यातून जे पार पडतात ते मागे वयस्क चालकाची खूण असलेलं क्लोव्हरच्या पानाचं स्टिकर लावून आपला केई ट्रक, म्हणजे छोटा मालवाहू ट्रक, चालवत राहतात, मग वय 85 का असेना.

म्हणजे जपानने प्रत्येक माणूस वेगळा तपासायचं ठरवलं. आमची सोसायटी मात्र जन्मतारीख बघून मोकळी होते आहे, आणि त्याला जपानचं नाव देते आहे. माझा राग आहे तो यावर.

त्या गृहस्थांनी कुठेतरी अर्धवट ऐकलं असणार, आणि ते कुठून आलं असेल याची मला कल्पना आहे. 19 एप्रिल 2019 ला टोकियोत इकेबुकुरोला 87 वर्षांच्या एका निवृत्त उच्चपदस्थ अधिकाऱ्याची गाडी वेगाने क्रॉसिंगवर घुसली आणि सायकलवरून जाणारी आई आणि तिची 3 वर्षांची मुलगी गेली. गाडीतच बिघाड होता, असं तो न्यायालयात शेवटपर्यंत म्हणत राहिला. न्यायालयाने ते मानलं नाही. ब्रेक समजून त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता, असा निष्कर्ष काढून 2021 मध्ये 5 वर्षांची शिक्षा दिली. ज्याचं सगळं घर गेलं त्या तरुण नवऱ्याने पत्रकारांसमोर येऊन बायको-मुलीचे फोटो दाखवले आणि विनंती केली की, गाडी चालवताना जरा जरी धास्ती वाटत असेल तर चालवू नका. मला ते बघवलं नव्हतं. त्या एका वर्षात देशभरात सुमारे 6 लाख लोकांनी आपण होऊन लायसन्स परत केलं. परत करायची सोय 1998 पासून होतीच. लोकांना ते मनापासून पटलं या घटनेनंतर.

पण हे 6 लाख कशाच्या भरवशावर परत करू शकले? मोठ्या शहरांत दर काही मिनिटांनी ट्रेन आहे. नागोयात 65 वर्षांवरच्यांना बस आणि भुयारी रेल्वेसाठी सवलतीचा पास आहे. खेड्यात बस बंद पडली की हाच जपान लंगडा पडतो. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजोबांनी मुलाच्या आग्रहावरून लायसन्स परत केलं. ते शनिवारी पहाटे मुळे उपटायचे, घराबाहेरच्या नळावर ब्रशने घासून पांढरेशुभ्र करायचे आणि ट्रकमधून शेतकऱ्यांच्या दुकानात नेऊन ठेवायचे. प्रत्येक जुडीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी असायची. ट्रक गेला तशी भाजी न्यायची सोय गेली, दुसऱ्या वर्षी त्यांनी पेरणी केली नाही. आता ते फारसे घराबाहेर दिसत नाहीत. मुलगा ओसाकाला असतो आणि तो निर्धास्त आहे.

आता आमचे बाबा. वय 79. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, जिल्ह्यातल्या एकूण एक धरणावर जीप घेऊन गेलेला माणूस. आज त्यांच्या गाडीचा फेरा सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय, भाजी बाजार, आणि महिन्यातून एकदा आत्याकडे निफाडला एवढाच उरला आहे. दादा म्हणतो रिक्षा करा, एसटी तर तुम्हाला फुकट आहे. एसटी 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून फुकट आहे हे खरं, आणि ती चांगलीच योजना आहे. पण एसटीच्या पायरीवर गुडघे दुखणाऱ्या माणसाने कसं चढायचं? स्टँडपर्यंत कसं पोचायचं? फुटपाथवर टपऱ्या आहेत आणि द्वारका चौक पायी ओलांडायला मीच घाबरते.

नियम आपल्याकडे नाहीत असंही नाही. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचा फॉर्म 1-अ लागतो, पंचावन्नच्या पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावंच लागतं. कागदावर हे पुरेसं आहे. बाबांच्या फॉर्मवर एका डॉक्टरांनी मान वर न करता सही ठोकली, तेव्हा बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. ज्या सहीने खरं ठरायला हवं ती सही अशी मिळते, म्हणून मग ठरवण्याचं काम मुलावर, सुनेवर आणि सोसायटीच्या चेअरमनवर येऊन पडतं. 2022 मध्ये भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, जपानमध्ये 2,610. लोकसंख्येचा फरक धरला तरी हे आकडे वाचताना मला लाज वाटते. आणि नाशिकच्या रस्त्यावर उलट्या बाजूने येणारे काही 79 वर्षांचे नसतात.

हे सगळं बोलले तेव्हा दादा म्हणाला, "तिकडे बसून सांगायला काय जातं? उद्या बाबांनी कोणाला उडवलं तर पोलीस ठाण्यात मी जाणार." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. बाबांच्या शेजारी तो बसतो, मी नाही. सोसायटीच्या सभेत माझा हात मोजला जात नाही आणि इथल्या निवडणुकीत मला मत नाही. मी पंच्याहत्तरीची होईन तेव्हा ती 16 चित्रं मला जपानीत लिहायची आहेत की तोवर मी नाशिकला परतलेली असेन, हे मी ठरवू शकलेले नाही. नवऱ्याशी यावर बोलणं सुरू होतं आणि दर वेळी अर्धवट राहतं. पण बाबांबद्दल बोलायचा माझा हक्क अंतराने कमी होत नाही, असं मी मानते.

म्हणून मी एक सुचवलं आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली मोटार ड्रायव्हिंग स्कूलं आहेत. त्यातल्या एखाद्या जुन्या, नात्यागोत्यात नसलेल्या शिक्षकाला तासभर बाबांच्या शेजारी बसवा. गंगापूर रोडवरून शालिमारपर्यंत जा-ये, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. तो नको म्हणाला तर नको. फक्त रात्रीची नको म्हणाला तर रात्रीची बंद. सोसायटीलाही हाच ठराव करता येईल, आणि बी विंगमधल्या आजोबांपासून सुरुवात करता येईल. डोळे मात्र त्याआधी खऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे तपासून घ्या.

दादा तयार आहे. बाबांची एक अट आहे. शिक्षक आणणारच असाल तर तासभर दादाच्याही शेजारी बसू दे, तो गाडी चालवताना फोनवर बोलतो. मला ही अट अगदी रास्त वाटते, आणि वहिनीलाही.