थेंबाचं चिन्ह दिसलं म्हणून उन्हाळा रद्द?

सकाळी साडेआठला ग्रुपवर मेसेज: "ॲपवर ढग आणि थेंब दाखवतायत, आजची सहल रद्द करतोय." खाली अंगठ्यांची रांग. एकानेही खिडकीतून बाहेर बघितलं नसेल, कारण बघितलं असतं तर निळं आकाश दिसलं असतं. मी तोवर कोथिंबीर वड्या तळून डब्यात भरल्या होत्या.

आता रात्रीचे दहा वाजलेत आणि मी अजून चिडलेली आहे. म्हणून लिहितेय.

आज दिवसभर इथे इंग्लंडात, आमच्या रेडिंग शहरात काय झालं ते ऐका. सकाळी स्वच्छ ऊन. अकराच्या सुमारास कापसासारखे पांढरे ढग उगवायला लागले, खालून सपाट, वरून फुगीर. दुपारी ते वाढले. चारला एक सर आली, जेमतेम दहा मिनिटं. सव्वाचारला पुन्हा ऊन, आणि नऊ वाजून गेल्यावरही आकाशात उजेड. थेम्सच्या काठी चटया टाकून बसायला याहून चांगला दिवस तुम्हाला कुठला हवा होता? दहा मिनिटं झाडाखाली उभं राहिलो असतो. मुलं भिजली असती, त्यांना आवडलं असतं.

अरे, हाच इथला उन्हाळा आहे! तो बिघडलेला नाही. तो असाच असतो.

ॲप अख्ख्या दिवसासाठी एक चिन्ह दाखवतं. त्या चिमुकल्या चित्रात चारची दहा मिनिटं आणि उरलेला सोन्यासारखा दिवस, दोन्ही कसे मावणार? असल्या सरींचं गणित साधं असतं. उन्हाने जमीन तापते, हवा वर चढते, ढग वाढतो, बरसतो आणि वाऱ्याबरोबर पुढे निघून जातो. शक्यता चाळीस टक्के म्हणजे दिवसाचा चाळीस टक्के वेळ पाऊस नव्हे. सर रेडिंगवर येईल, शेजारचं वोकिंगम कोरडं राहील. बैलाचं एक शिंग ओलं आणि दुसरं कोरडं, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ॲपशिवाय कळत होतं. आणि श्रावण लागला की ऊन-पावसाच्या खेळाचे फोटो याच ग्रुपवर फिरतात ना? तोच खेळ इथे दारात चालू असताना घरात बसून राहायचं, हे मला समजत नाही. खरंच समजत नाही.

"पण इथे सारखा पाऊसच असतो," हे तर ऐकून ऐकून कान किटले. लंडनला वर्षभरात साधारण सहाशे मिलीमीटर पडतो. पुण्यात त्याहून जास्त पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पडला, म्हणजे लंडनचा दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. बरं, मान्य, मिलीमीटर वेगळे आणि राखाडी दिवस वेगळे, आणि मँचेस्टर-ग्लासगोवाल्यांची तक्रार थोडी खरी आहे. थोडीच.

या बेटाची जागा बघा एकदा नकाशावर. पश्चिमेला अख्खा अटलांटिक, दक्षिणेला तापणारा युरोप, उत्तरेला ध्रुवाकडचा गारवा, आणि डोक्यावरून जाणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वेगाने वाहणारा वाऱ्याचा पट्टा. तो उत्तरेकडे सरकला की अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडचा उच्च दाब वर पसरतो आणि आठवडाभर कडक ऊन. तो दक्षिणेला घसरला की कमी दाबाचे पट्टे एकामागून एक थेट आपल्यावर. बाकी सगळं यातच आलं. २ जून १९७५ ला इंग्लंडातल्या बक्स्टन गावात बर्फ पडून काउंटी क्रिकेटचा सामना थांबला होता. जूनमध्ये! आणि पुढच्याच वर्षी, १९७६ ला, इंग्लंडात कुठे ना कुठे सलग पंधरा दिवस पारा बत्तिसाच्या वर. तेव्हा सरकारने डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री नेमलं आणि काही दिवसांतच पाऊस सुरू झाला. २०१२ ला एप्रिलमध्ये पाणी जपून वापरा म्हणून बागेत होजपाइप लावायला बंदी आली, आणि तोच एप्रिल विक्रमी ओला ठरला. त्यानंतरचा उन्हाळाही सगळा पाण्यात गेला. हो, २०१२ चा उन्हाळा वाईट होता, त्याची बाजू मी घेणार नाही.

पण हे सगळं वाचताना मला जो आनंद होतो तो मी कुणाला सांगू? मध्य इंग्लंडच्या तापमानाची महिन्यागणिक नोंद १६५९ पासून सलग आहे. म्हणजे आपल्याकडे प्रतापगड झाला त्या वर्षापासून इथला प्रत्येक जुलै कागदावर आहे. गार जुलै, तापलेले जुलै. साडेतीनशेहून जास्त वर्षं लोकांनी हे आकाश बघून लिहून ठेवलंय, आणि आपण फोनमधला एक थेंब बघून दार लावून घेतो.

आता बाबांचं सांगते. २०२२ च्या जुलैत बाबा अकोल्याहून आले होते. अकोल्याचा माणूस, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत मेडिकलचं दुकान उघडून बसणारा. मुलीकडे थंडाव्याला आला, आणि १९ जुलै उजाडली. लिंकनशायरमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ डिग्री. या देशाने चाळिशी कधी बघितलीच नव्हती. आमच्याकडेही पारा फार मागे नव्हता. दुपारी बाबा जिन्यात बसले, कारण घरातली तेवढीच जागा जरा बरी होती, आणि म्हणाले, "काहून वं, या घराले पंखाच नाही?" अकोल्याचं घर उन्हासाठी बांधलेलं असतं. तिथे कूलर असतो, वाळ्याच्या ताट्या असतात, दुपारी शटर खाली ओढलं जातं. इथली विटांची घरं उष्णता धरून ठेवण्यासाठी बांधलेली, आणि ती ते काम चोख करतात. वरच्या मजल्यावर रात्री झोपणं अशक्य होतं. बाबांनीच मग खिडक्या लावायला सांगितल्या, चादरी ओल्या करून टांगल्या, आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींना हाताला धरून आमच्याकडे आणून बसवलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. आजींना इंग्रजीत काही सांगावं लागलं नाही. बाबांनी मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं आणि त्या प्यायल्या.

आणि माझ्या ऑफिसात त्या आठवड्यात एक जण म्हणाला, अखेर खरा उन्हाळा आला!

खरा उन्हाळा? ल्युटनच्या विमानतळाच्या धावपट्टीचा भाग त्या उष्णतेने उखडला होता. लंडनच्या पूर्वेला वेनिंग्टनमध्ये गवत पेटून घरंच्या घरं जळाली. त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटांमध्ये एकट्या इंग्लंडात सुमारे तीन हजार जादा मृत्यू झाले, बहुतेक म्हातारी माणसं. आमच्या शेजारच्या आजींसारखी. बातम्यांत मात्र आइस्क्रीम खाणाऱ्या मुलांचे आणि कारंज्यात उड्या मारणाऱ्या लोकांचे फोटो. मला त्या फोटोंचा संताप येतो. आजही येतो. आज सहल रद्द करणाऱ्यांपैकी अर्धे लोक तेव्हा "मस्त वेदर!" म्हणून बार्बेक्यूचे फोटो टाकत होते, हे मी विसरलेले नाही.

२०२५ चा उन्हाळा इथल्या नोंदींतला सगळ्यात उष्ण ठरला. सरासरी १६.१ डिग्री. नागपूर-अकोल्याची मंडळी हसतील, पण ही रात्र-दिवस, स्कॉटलंडपासून कॉर्नवॉलपर्यंतची सरासरी आहे. ती एवढी वर चढायला किती गार दुपारी, किती सरी गायब व्हाव्या लागतात याचा विचार करा. ज्या पावसाला तुम्ही नाकं मुरडता, तो आला नाही तर काय होतं तेही बघा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये थेम्सचा उगमच आटला होता आणि पाणी काही मैल खालून दिसत होतं. हिरवंगार इंग्लंड बघायला आईवडलांना बोलावता ना? ते हिरवं कशाने होतं?

जाऊ दे. राग थोडा उतरलाय.

बाबांची गोष्ट राहिली. त्या १९ जुलैच्या दुसऱ्या दिवशी, वीस तारखेला, वारा फिरला. पाऊस नाही पडला आमच्याकडे, पण पश्चिमेची गार हवा आली आणि ढग आले. बाबा बागेत खुर्ची टाकून सकाळपासून बसले. त्यांना मी सांगितलं की ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं १८०२ मध्ये लंडनच्या ल्यूक हॉवर्डने दिली, आणि हा हॉवर्ड औषधं बनवण्याच्या धंद्यातला होता. बाबा एकदम खूश. "म्हणजे आपल्याच लायनीतला माणूस!" त्यानंतर जाईपर्यंत रोज चहाच्या वेळी त्यांचा प्रश्न ठरलेला: "आज कोठचा वारा हाय?" मी सांगायचे, वायव्येचा, म्हणजे स्वच्छ हवा आणि सरी. नैर्ऋत्येचा, म्हणजे दमट आणि मळभ. पूर्वेचा, म्हणजे कोरडं. ते मान डोलवायचे आणि आजींच्या कुंपणाजवळ जाऊन त्यांनाही सांगायचे, वऱ्हाडीत. आजींना किती कळायचं माहीत नाही, पण त्यासुद्धा वर बघायच्या. अकोल्याला मे महिन्यात आकाशाकडे बघावंसं वाटत नाही, बाबा म्हणाले होते. इथे दर तासाला नवीन.

त्या बार्बेक्यूच्या फोटोंना हे सांगून काय होणार म्हणा.

आता कॉमेंटमध्ये कुणीतरी येणार, "पण ताई, नोव्हेंबरचं काय? चारला काळोख होतो त्याचं काय?" नोव्हेंबर मला जड जातो, मलाही दिवे लावून बसावं लागतं. पण मी जुलैबद्दल बोलतेय. जुलैत सोळा तास उजेड असतो. त्यातली दहा मिनिटं पावसाला द्यायला ज्यांची तयारी नाही, त्यांनी निदान माझ्यासमोर इथल्या उन्हाळ्याला नावं ठेवू नयेत. मी ऐकून घेणार नाही.